वाळूवर बसण्याचा हक्क

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींतून एक ठरावीक वाद रंगू लागतो. मुंबई बरी की चेन्नई, गोव्याची वाळू मऊ की पुरीची, विशाखापट्टणमचा सूर्योदय पाहावा की तिरुवनंतपुरमचा सूर्यास्त, ह्यावर सुखवस्तू मंडळी अहमहमिकेने मते देतात. शहरांना गुण दिले जातात, किनाऱ्यांची क्रमवारी लावली जाते. आवडीनिवडीला कोणी हरकत घ्यावी असे त्यात वरवर पाहता काही नाही. परंतु ह्या क्रमवाऱ्या ज्या कसोट्यांवर उभ्या असतात त्या कोणी ठरवल्या, हे पाहू गेले की हा सारा प्रकार तितकासा निरुपद्रवी राहत नाही. वाळूचा रंग, पाण्याचा निर्मळपणा, हॉटेलांची सोय आणि गर्दीचा अभाव ह्या त्या कसोट्या. त्यांतली शेवटची विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. जिथे माणसे कमी तो किनारा उत्तम! देशातील बहुसंख्य माणसे जिथे पोहोचू शकत नाहीत, किंवा पोहोचली तरी जिथून त्यांना हुसकावता येते, त्या जागेला अधिक गुण द्यायचे, असा ह्याचा सरळ अर्थ होतो.

ही क्रमवारी परभणी जिल्ह्यातील पोखर्णीला नेऊन तपासावी. पोखर्णी हे नृसिंहाच्या देवस्थानामुळे मराठवाड्यात सर्वांना ठाऊक असलेले गाव. अनेक कुटुंबांचे ते कुलदैवत. वैशाखात नृसिंहजयंतीला तिथे माणूस लोटतो. परभणी–परळी लोहमार्गावर गावाच्या नावाचे स्थानक आहे. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, आणि पावसाच्या लहरीवर बेतलेले वर्ष. इथून मुंबईचा समुद्र रेल्वेने साडेपाचशे किलोमीटरच्या घरात पडतो. पोखर्णीच्या शेतमजुराला 'तुमचा आवडता किनारा कोणता?' असे विचारले तर तो हसेल, आणि ते हसणे प्रश्नकर्त्याला उद्देशून असेल.

मराठवाड्याचे आणि समुद्राचे तुटलेपण हा केवळ भूगोलाचा भाग आहे असेही नाही. त्यात इतिहासाचा हात मोठा आहे. निजामाने १७६६ च्या तहाने उत्तर सरकार हा किनारपट्टीचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला, आणि पुढे गुंटूरही गेल्यावर हैदराबादचे एवढे मोठे राज्य चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले राहिले. १९४७ साली स्वतंत्र राहण्याची स्वप्ने पाहणाऱ्या निजामाला हे व्यंग एकाएकी जाणवले आणि पोर्तुगिजांकडून मुरगाव बंदर मिळते का, ह्याची खटपट त्याच्या दरबाराने करून पाहिली. त्याला बंदर हवे होते ते लष्करी सामानासाठी, रयतेला लाटा दाखवण्यासाठी नव्हे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. आणि कागदावर का होईना, जुन्या मोजणीप्रमाणे ७२० किलोमीटर लांबीच्या सागरकिनाऱ्याचा पोखर्णीचा माणूस वाटेकरी झाला. हा वाटा त्याला कधी मिळाला, किती मिळाला, हे विचारण्याची मात्र पद्धत पडलेली नाही.

निसर्गाने तर त्याला आणखी एक समुद्र दिलेला आहे. पोखर्णीच्या शिवारातले पावसाचे पाणी ओढ्यानाल्यांनी अखेर गोदावरीलाच मिळते. ती नदी उगम पावते अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, त्र्यंबकेश्वराजवळ, आणि त्या समुद्राकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तिच्या वसिष्ठा ह्या शाखेच्या मुखाशी अंतर्वेदी नावाचे गाव आहे, आणि तिथेही देव नृसिंहच आहे. विशाखापट्टणमच्या सिंहाचलमचा देवही नृसिंहाचेच रूप. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीची धूप होऊन नदीत गेलेला गाळ शतकानुशतके त्या त्रिभुज प्रदेशाला जाऊन मिळाला. आंध्रच्या किनाऱ्याच्या घडणीत गंगाखेड-पालमच्या रानांचा हिस्सा आहे. जायकवाडी, पोचमपाड आणि लहानमोठी इतर धरणे झाल्यापासून हा गाळ वाटेतच अडतो. त्रिभुज प्रदेशाला पूर्वीइतका माल मिळत नाही, काकिनाड्याजवळचे उप्पाडा गाव समुद्र वर्षानुवर्षे खातो आहे. इकडे गोदावरीच्या पात्रातून रात्री ट्रकच्या ट्रक वाळू भरून जाते आणि तलाठ्याला सकाळी नदीचा फक्त खड्डा दिसतो. धरणे नकोत असा ह्याचा अर्थ नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालच्या शेतकऱ्याला विचारा. समुद्रकिनारा ही समुद्रकाठच्या शहराची खासगी मत्ता असते, ही समजूत किती पोकळ आहे एवढेच दाखवायचे आहे. किनारा घडतो तो शेकडो कोसांवरच्या जमिनीतून, तिथल्या पावसातून आणि नदीतून.

आता पोखर्णीसारख्या गावातला माणूस समुद्र प्रत्यक्षात केव्हा पाहतो? एक वाट शाळेच्या सहलीची. राज्य परिवहन महामंडळ शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. त्या लाल गाडीत दोन रात्री अवघडून बसलेली पोरे गणपतीपुळ्याला किंवा अलिबागला उतरतात आणि चपला हातात घेऊन पाण्याकडे धावत सुटतात. दुसरी वाट पोटाची. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याला मुंबईचा जो रस्ता दाखवला तो पुन्हा बंद झालेला नाही. बांधकामावर, गोदीत, वखारीत खपणाऱ्या माणसाला एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी चौपाटी दिसते. आणि तिसरी वाट ६ डिसेंबरची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पार्थिवावर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेव्हापासून दरवर्षी परभणी, नांदेड, जालना, हिंगोलीच्या वस्त्यांतून माणसे गाड्यांना लोंबकळत दादरला येतात, चैत्यभूमीपुढे नतमस्तक होतात आणि मग मागच्या वाळूत उतरून आयुष्यात पहिल्यांदा समुद्राला हात लावतात. कोणत्याही प्रवासी कंपनीच्या यादीत दादरचा किनारा आढळायचा नाही. त्याची वाळू बरीच ओसरली आहे, पाणी गढूळ आहे, लांबी नाव घ्यावी अशी नाही. तरी मराठवाड्यातील जितक्या गरीब माणसांनी ह्या एका किनाऱ्यावर समुद्र प्रथम पाहिला असेल तितक्यांनी इतर कुठे पाहिला असण्याचा संभव नाही. क्रमवारी लावायचीच असेल तर ह्या गोष्टीला किती गुण, हे क्रमवारीवाल्यांनी सांगावे.

समुद्र पाहायला वाहनभाडे लागते तशी सुट्टीही लागते, आणि भरपगारी सुट्टी ही राजकारणाने निर्माण केलेली वस्तू आहे. फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये लेआँ ब्लूम यांच्या लोक-आघाडीच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने दिली आणि लेओ लाग्रांज यांनी रेल्वेच्या भाड्यात ४० टक्के सवलतीचे तिकीट काढले. त्या उन्हाळ्यात पॅरिसच्या कारखान्यांतील कित्येक कुटुंबांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला. तेव्हाच्या धनिकांच्या वृत्तपत्रांनी नाक मुरडले, आमचे किनारे बिघडले म्हणून. आपल्याकडे रजा-प्रवास सवलत आहे, परंतु ती सरकारी नोकराला आणि संघटित क्षेत्रातल्या थोड्यांना. शेतमजुराच्या, ऊसतोडणी कामगाराच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या नशिबी रजा हा शब्दच नाही. त्यांच्या रिकाम्या दिवसाला आपली भाषा बेकारी म्हणते. पांढरपेशा माणूस जेव्हा 'प्रवासाने मन विशाल होते' असे म्हणतो तेव्हा ते विशाल होण्याचा खर्च कोणी उचलला हे सांगायला तो विसरतो.

तेव्हा शहरांची आणि त्यांच्या किनाऱ्यांची तुलना अवश्य करावी, परंतु कसोट्या बदलून. त्या वाळूवर काही न विकत घेता बसता येते काय? घरून बांधून आणलेली भाकरी तिथे सोडता येते काय? तिथे सभा भरवता येते काय? ज्यांचे जगणे त्या किनाऱ्यावर उभे आहे त्या कोळ्यांना तिथे सन्मानाने राहता येते काय? ह्या प्रश्नांवर मुंबई, चेन्नई, विशाखापट्टणम आणि गोवा तपासून पाहिले असता पुरवण्यांतला क्रम बराच उलटापालटा होतो.

मुंबईपासून आरंभ करू. गिरगावची चौपाटी ही मुंबईच्या सार्वजनिक जीवनाची शाळा होती. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांना ह्या वाळूवर अग्नी दिला गेला. २० नोव्हेंबर १९५५ रोजी ह्याच चौपाटीवर काँग्रेसच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असे सांगायला उभे राहिले, आणि श्रोत्यांनी ती सभा उधळून लावली. तो कामगारांचा जमाव चौपाटीवर येऊ शकला, ह्याचे एक साधे कारण असे की चौपाटीला दार नव्हते. आज गिरगाव चौपाटीवर राजकीय सभा घेता येत नाही. मोर्चाला आझाद मैदानाचा एक कोपरा ठरवून दिलेला आहे. गणपतीचे विसर्जन होते, भेळ मिळते, प्रेमिकांना बसता येते, हे अजून शिल्लक आहे आणि ते थोडे नव्हे. फुकट बसण्याच्या कसोटीवर मुंबई अजून उतरते. लोकलच्या पासावर कल्याण-डोंबिवलीचे कुटुंब गिरगावला किंवा जुहूला येते, पोरांना पाण्यात सोडते आणि रात्रीच्या गाडीने परत जाते. ह्या चैनीला एवढे स्वस्त शहर जगात क्वचित असेल.

परंतु ह्याच मुंबईने समुद्राला जमीन बनवून विकण्याची कलाही देशाला शिकवली. सर जॉर्ज लॉइडच्या कारकिर्दीत सुरू झालेल्या बॅकबेच्या भराव योजनेतील उधळपट्टी आणि गैरव्यवहार १९२० च्या दशकात के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडले, त्यापायी अब्रुनुकसानीचा खटला अंगावर घेतला. काळाचा विनोद असा की भरावाच्या धंद्याविरुद्ध झगडणाऱ्या ह्या माणसाचे नाव पुढे ज्या भूमीला मिळाले ती नरिमन पॉइंटची भूमीही समुद्रात भरावच घालून काढलेली, आणि तिच्यावर देशातल्या सर्वांत महागड्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. समुद्रदर्शनी सदनिकेची किंमत त्याच इमारतीतल्या मागच्या बाजूच्या सदनिकेहून किती अधिक असते, हे कोणत्याही दलालाला विचारावे. विटा त्याच, सिमेंट तेच, गवंडीही तोच, बहुधा मराठवाड्यातला. वरचा फरक हा समुद्राचा खंड आहे. जमिनीच्या खंडात मालकाच्या श्रमाचा अंश नसतो, तो जमिनीच्या गुणाचा आणि समाजाच्या वाढीचा असतो, हे रिकार्डोने १८१७ सालीच मांडून ठेवले. समुद्र बिल्डरने निर्माण केलेला नाही. तरी त्याचे भाडे बिल्डर वसूल करतो आणि ज्यांच्या सामायिक मालकीचा तो समुद्र, त्यांना त्यातला पैसाही मिळत नाही.

त्याच मुंबईत ११ मार्च २०२४ रोजी किनारी रस्त्याचा पहिला भाग खुला झाला. साडेदहा किलोमीटरचा रस्ता, खर्च तेरा-चौदा हजार कोटींच्या घरात, आणि त्यावरून जाणार मुख्यतः मोटारी. वरळीच्या कोळ्यांना आपल्या होड्या ये-जा करू शकतील एवढे अंतर दोन खांबांत ठेवा, ही मागणी मान्य करून घ्यायला दीर्घकाळ झगडावे लागले. अखेर ती अंशतः मान्य झाली. ह्या आकड्याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवण्यासारखा आहे. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ साली संपूर्ण महाराष्ट्राचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये एवढा काढला होता. चाळीस वर्षांतील भाववाढ लक्षात घेता ही तुलना काटेकोर ठरत नाही हे मान्य. पण तो अनुशेष भरून काढण्यासाठी १९९४ साली नेमलेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली तेव्हा कोणालाही घाई नव्हती, हे भाववाढीने बदलत नाही.

चेन्नईचा मरीना हा अधिक विस्ताराने पाहण्याजोगा किनारा आहे. समाजवादी चळवळीच्या माणसाला तर तो तीर्थासारखा वाटावा. १ मे १९२३ रोजी सिंगारवेलू चेट्टियार यांनी भारतातील पहिला मे दिन साजरा केला तो मद्रासच्या समुद्रकाठीच. देवीप्रसाद रॉयचौधरी यांचे श्रमाच्या विजयाचे शिल्प १९५९ पासून ह्याच किनाऱ्यावर उभे आहे: चार माणसे, एक अजस्र खडक आणि ताणलेले स्नायू. अण्णादुराई, एम. जी. रामचंद्रन, जयललिता, करुणानिधी ह्यांच्या समाध्या तिथे आहेत. खेड्यापाड्यांतून मद्रासला आलेला माणूस समुद्र आणि नेत्याची समाधी एकाच फेरीत पाहून घेतो. दादरशी ह्याचे साम्य उघड आहे. संध्याकाळी मरीनावर बसलेल्या गर्दीत रिक्षावाला कोणता आणि कारकून कोणता हे ओळखू येत नाही. भाजलेले दाणे, सुंडल, माशांचे तुकडे, पतंग. हॉटेलांची भिंत वाळूवर उतरलेली नाही. २००३ साली तिथे परदेशी कंपनीच्या साहाय्याने किनाऱ्यालगत नवी बांधकामे उठवण्याचा बेत शिजला होता. लोकमताच्या रेट्यापुढे तो बारगळला.

असे असूनही मरीना निष्कलंक आहे असे मानण्याचे कारण नाही. ह्या विस्तीर्ण वाळवंटाचे रहस्य फारसे कोणी सांगत नाही. पूर्व किनाऱ्यावर वाळू लाटांच्या रेट्याने वर्षातील बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास बंदराचे बांध समुद्रात गेले आणि ती वाटेत अडली. बंदराच्या दक्षिणेला साठून मरीना रुंद होत गेला. उत्तरेला रॉयपुरम, तिरुवोट्टियूरकडील किनारा खचत गेला आणि तिथल्या कोळ्यांची घरे समुद्राने गिळली. एका किनाऱ्याचे सौंदर्य हे दुसऱ्याचे कर्ज आहे. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराचे बांध झाल्यावर शहरासमोरची वाळूच नाहीशी झाली होती, तेही ह्याच न्यायाने. सत्तेचा आणि पैशाचा ओघ दक्षिणेकडे आणि कारखाने, कोळसा, धूर उत्तरेकडे, ही चेन्नईची वाटणी वाळूतही उतरली आहे.

शिवाय मरीनावरचे जे मूळ रहिवासी, त्यांच्याशी सरकारचे वर्तन कसे होते? १९८५ साली किनारा सुंदर करण्याच्या नावाखाली कोळ्यांच्या कट्टुमरम आणि जाळी हटवण्याची मोहीम निघाली. प्रतिकार झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. लोकप्रिय म्हणवणारे सरकार सत्तेवर असताना हे घडले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर 'तुमच्याच सुरक्षिततेसाठी' म्हणून कोळ्यांना समुद्रापासून दूर, शहराबाहेरच्या वसाहतींत पाठवण्यात आले. त्याच समुद्राच्या काठावर बंगले बांधणाऱ्यांच्या सुरक्षिततेची चिंता कोणाला पडली नाही. २०२३ मध्ये नोच्चिकुप्पमच्या रस्त्यावर मासळी विकणाऱ्या बायका वाहतुकीला अडथळा ठरल्या. रस्ता नंतर आला, त्या आधीपासून तिथे होत्या. आणि जानेवारी २०१७ मध्ये जल्लीकट्टूच्या प्रश्नावर लाखो तरुण मरीनावर दिवसरात्र बसून राहिल्यानंतर पोलिसांनी तिथल्या आंदोलनांनाच मज्जाव केला. जल्लीकट्टूविषयी मतभेद असू शकतात. बसण्याच्या हक्काविषयी समाजवाद्याला ते असू नयेत. तरीही सर्व बाजू तोलून पाहता आजमितीस भारतातील मोठ्या शहरांच्या किनाऱ्यांत लोकांचा म्हणावा असा पहिला किनारा मरीनाच आहे.

विशाखापट्टणमबाबत फार सांगण्यासारखे नाही, पण जे आहे ते बोलके आहे. शहरालगतचा किनारा रुंद आणि मोकळा आहे, संध्याकाळी सारे गाव तिथे लोटते. शहराबाहेरच्या ऋषिकोंडा किनाऱ्याला २०२० साली डेन्मार्कच्या एका संस्थेचा निळा ध्वज मिळाला. त्या वर्षी भारतातल्या आठ किनाऱ्यांना तो मिळाला, त्यांत पुरीचाही एक होता. स्वच्छता, जीवरक्षक, शौचालये, अपंगांसाठी मार्ग, ह्या अटी वाईट नाहीत. त्या प्रत्येक चौपाटीवर हव्यात. पण ध्वजामागोमाग हिशेबनीस येतो. २०२३ मध्ये ऋषिकोंड्यावर प्रवेशशुल्क लावण्याचा बेत जाहीर झाला आणि विरोध झाल्यावर आवरता घ्यावा लागला. जवळच्याच टेकडीचा माथा कापून सरकारी पैशाने आलिशान इमारती उठल्या, त्यावरून केवढे रणकंदन झाले ते सर्वांना स्मरत असेल. शुल्क अवघे काही रुपये होते, असे त्याचे समर्थक म्हणाले. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली जाणाऱ्यांना तर काहीच शुल्क नव्हते. वाटेतील अडथळा पैशाचा की जातीचा ह्याने अडवल्या गेलेल्या माणसाला थोडा फरक पडतो, अडवणाऱ्याला अजिबात नाही.

राहिला गोवा. पुरवण्यांच्या यादीत तो नेहमी पहिला असतो, म्हणून इथे शेवटी. गोव्याच्या किनाऱ्यांचे वैभव नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते वैभव राखले कोणी आणि लुटले कोणी? १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांनी किनाऱ्यालगतची मासळी खरवडून न्यायला सुरुवात केली तेव्हा रापणकारांनी मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला त्यातून १९८० चा मासेमारी नियमन कायदा आला. १९८७ साली जर्मन पर्यटकांची भाड्याची विमाने उतरू लागली तेव्हा 'जागृत गोंयकारांची फौज' पत्रके आणि शेण घेऊन त्यांच्या स्वागताला गेली. सभ्य लोकांना तो प्रकार रुचला नाही. आज विहिरी उपसून टँकरने हॉटेलांना पाणी जाते तेव्हा शेणवाल्यांचे म्हणणे थोडे तरी आठवावे.

आणि दोनापावलाजवळच्या वायंगिणीच्या किनाऱ्याची हकीकत तर प्रत्येक विधी महाविद्यालयात शिकवली जावी. तेथील एका हॉटेलाने लोकांच्या किनाऱ्यावर जाण्याच्या वहिवाटीच्या वाटेवर बांधकाम केले. लोक न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी निर्णय दिला की किनारा ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे. ते बांधकाम पाडावे. ह्या विश्वस्ततेच्या तत्त्वाचा पाया न्यायालयाने १९९६ सालीच बियास नदीकाठच्या एका खटल्यात घातला होता; त्याची मुळे थेट जस्टिनियनच्या रोमन कायद्यापर्यंत जातात, जिथे हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्राचा काठ ह्या चार वस्तू सर्वांच्या म्हटल्या आहेत. गोवा सरकारने ह्या निर्णयावर काय करावे? त्याच वर्षी भूसंपादन कायद्यातच पूर्वलक्षी दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवले! विश्वस्ताने ठेव सांभाळली नाही, एवढेच झाले असते तर त्याला बेफिकीर म्हणता आले असते. इथे त्याने ठेवीची कागदपत्रेच बदलली.

केंद्र सरकारची वाटचालही त्याच दिशेने झाली आहे. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. त्यातून १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. मग दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, २०११ साली नवी अधिसूचना, आणि जानेवारी २०१९ मध्ये आणखी एक. तिने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील विनाबांधकाम पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला आणि शहरांत १९९१ च्या पातळीवर गोठवलेला चटईक्षेत्र निर्देशांक मोकळा केला. पाचशेचे दोनशे, दोनशेचे पन्नास. हवामान बदलून समुद्र वर चढतो आहे असे शास्त्रज्ञ सांगत असताना सरकार माणसांना, म्हणजे इमारतींना, त्याच्या अधिक जवळ बोलावते. विमा परवडणारे त्यातून सुटतील. कोळीवाडा सुटणार नाही.

ह्यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की किनारे सर्वांना मोकळे सोडले की घाण होतात. ६ डिसेंबर उलटला की शिवाजी पार्कच्या परिसरातून हा आक्षेप दरसाल ऐकू येतो. कागद, पत्रावळी, बाटल्या पडतात, हे खरे; ज्यांना रात्र उघड्यावर काढावी लागते त्यांचा पसारा दिसतो. पण मुंबईचा समुद्र पत्रावळींनी नासलेला नाही. वरळी आणि वांद्रे येथील नळांतून वर्षानुवर्षे जुजबी प्रक्रिया करून जे मैलापाणी समुद्रात सोडले जाते त्यात समुद्रदर्शनी मनोऱ्यांचा वाटा चैत्यभूमीच्या यात्रेकरूंहून कैक पटींनी मोठा आहे, आणि तो ३६५ दिवसांचा आहे. घाण नळातून गेली की तिला नागरी सोय म्हणतात, हातातून पडली की असंस्कृतपणा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर, आणि तो कळकळीच्या माणसांकडूनही येतो. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले, तिथल्या माणसाला समुद्राच्या गप्पा काय सांगता? त्याला आधी पाणी द्या, काम द्या, कापसाला भाव द्या. ह्यात तथ्य आहे, पण ह्या युक्तिवादाची एक खोड अशी की तो गरिबापुढे नेहमी एकच वस्तू ठेवतो आणि दुसरी मागितली की त्याला पहिलीची आठवण देतो. भाकरी मागणाऱ्याला शाळा कशाला, शाळा मागणाऱ्याला ग्रंथालय कशाला, आणि आता समुद्र कशाला! सुखवस्तू माणसाला कोणी सांगत नाही की आधी बँकेतली रक्कम पुरेशी आहे का पाहा, मग गोव्याला जा. पाण्याचा हक्क आणि समुद्राचा हक्क हे दोन हक्क नाहीतच. जायकवाडीत किती पाणी सोडावे ह्यावरून दरसाल वरच्या आणि खालच्या जिल्ह्यांत जो झगडा होतो तो आणि वायंगिणीच्या वाटेचा झगडा एकाच प्रश्नाचे दोन खटले आहेत. सामायिक वस्तूचा विश्वस्त कोण आणि तो कोणाच्या बाजूचा, हा तो प्रश्न.

मागण्या अवाजवी नाहीत. प्रत्येक शहराच्या विकास आराखड्यात किनाऱ्यावर उतरणाऱ्या सार्वजनिक वाटा नकाशावर दाखवून त्यांची नोंद महसुली दप्तरात व्हावी, म्हणजे एखाद्या हॉटेलाने भिंत घातली तर लोकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणार नाही. कोळीवाड्यांचे सीमांकन पुरे करून जमिनी कोळ्यांच्या नावे कराव्यात. कोणत्याही किनाऱ्यावर, ध्वज निळा असो की आणखी कुठल्या रंगाचा, प्रवेशाला पैसा घेऊ नये. समुद्रदर्शनी बांधकामांवर खास कर बसवून त्यातून समुद्र नसलेल्या जिल्ह्यांच्या शालेय सहलींचा उरलेला निम्मा खर्च राज्याने उचलावा. वाळू ज्यांच्या नदीने नेली त्यांच्या पोरांना ती निदान एकदा पायाखाली मिळावी. आणि दादरला ६ डिसेंबरच्या गर्दीसाठी दरसाल मंडप उभारण्याऐवजी पक्की रात्रनिवारे, न्हाणीघरे आणि शौचालये बांधावीत, जी उरलेले वर्षभर परभणीच्या गाडीने पहाटे उतरणाऱ्या मजुराच्याही उपयोगी पडतील.